कोमट, कडू आणि बिनफसफसीची: बिटरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले की इंग्लंडात आलात तर लंडनचं मोठं घड्याळ नाही बघितलं तरी चालेल, पण एखाद्या जुन्या पबात बसून अर्धा पाइंट बिटर, म्हणजे इथली जुनी तांबूस, कडसर बिअर, नक्की घ्या. झालं, इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं पान त्यातच जाणार. एका साताऱ्याच्या वाचकांनी मराठी मासिकात दारूची भलामण कशाला असं खडसावलंय, त्यांची माफी मागते आणि पुढे जाते. शेफिल्डमध्ये अठरा वर्षं राहतेय, इथे पावसाबद्दल आणि बिअरबद्दल बोलल्याशिवाय शेजारधर्म होत नाही.

ताई, योगायोगाने मी मुलाकडे शेफिल्डलाच आलोय. त्याने पबात नेऊन "लॉर्ड मार्पल्स" नावाची बिटर घेऊन दिली. कोमट, फसफस नाही, पहिला घोट कडू, दुसराही कडू. जवळजवळ पाच पाउंड मोजले. मुलगा म्हणतो अशीच असते, मला वाटतं बिघडलेली दिली आणि हा लाजेखातर बोलला नाही. खरं काय?
(बँकेतून रिटायर झालेले काका, कोथरूड)

काका, मुलगा बरोबर बोलतोय असं वाटतंय, पण तुमची शंका पण वेडी नाही, कारण मी स्वतः ह्याच्यावरून पहिल्याच महिन्यात हसं करून घेतलंय. स्टुडंट असताना मी शनिवार-रविवार एका पबात ग्लास धुवायचं काम करायचे, शिफ्ट संपल्यावर एक पाइंट फुकट मिळायचा, पहिल्यांदा घेतला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की हिचा गॅस गेलाय, दुसरी द्या. तिथला तळघर सांभाळणारा म्हातारा काही बोलला नाही, मला जिन्याने खाली घेऊन गेला. खाली ओळीने पिंपं आडवी ठेवलेली, प्रत्येकाच्या पाठीवर एक भोक आणि भोकात लाकडाची बारीक खुंटी, आणि त्या खुंटीभोवती फेस बुडबुडत होता. म्हणाला, ऐक, ती अजून श्वास घेतेय.

तर गोष्ट अशी आहे की आपल्याकडे मिळणारी लागर, म्हणजे ती नेहमीची गार सोनेरी बिअर, ब्रुअरीत पूर्ण तयार होते, गाळतात, वरून गॅस भरतात, आणि मग ती कुठेही नेली तरी तशीच. पिंपातली बिटर मात्र अर्धवट तयार असतानाच निघते, आत यीस्ट जिवंत असतं, आणि शेवटचं आंबवणं पबच्या तळघरात होतं. त्यातून जो थोडासा गॅस तयार होतो तेवढाच तिच्यात राहतो, लागरच्या निम्म्याहून कमी. आधी मऊ खुंटी लावून जास्तीचा गॅस जाऊ देतात, मग कडक खुंटी ठोकून उरलेला आत धरून ठेवतात, आणि हे कधी करायचं ते पुस्तकात बघून जमत नाही, इडलीचं पीठ कधी फुगलं ते जसं आईला बघून कळतं तसलं काम आहे. मग वरून बारवर हापसा मारून ती ओढायची. हो, हापसाच, आपल्या गावच्या बोअरिंगवर असतो तसा दांडा, फक्त पितळ आणि चिनीमातीचा.

आता कोमटपणा. ती कोमट नसते काका, तळघराच्या तापमानाला असते, ११ ते १३ डिग्री. म्हणजे पुण्यात जानेवारीत पहाटे फिरायला जाता तेव्हाची हवा, तिला तुम्ही कोमट म्हणता का? पण आपल्या डोक्यात बिअर म्हणजे बर्फात बुडवलेली बाटली, त्यामुळे घोट घेतल्यावर धक्का बसतो. फ्रिजमधून थेट काढलेला हापूस खाऊन बघा, गोड लागेल पण वास नाही येणार, गारठलेल्या जिभेला बारकं काही कळत नाही. लागरचं त्याने फारसं बिघडत नाही, बिटरचं सगळंच बिघडतं, कारण तिच्याकडे जे आहे ते बारकंच आहे.

आणि काय आहे ते सांगते, कारण लॉर्ड मार्पल्स माझी पण ओळखीची आहे. बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीची आहे, ४ टक्के अल्कोहोलची, शेफिल्डपासून बस पकडली तर तासाभराच्या आत बेकवेल येतं (तिथलं बदामाचं पुडिंग सोडू नका). जुन्या बांबूच्या खुर्चीसारखा तांबूस रंग. नाक ग्लासात घाला, लाजू नका, आधी भाजलेल्या बिस्किटाचा वास येईल आणि मागून चिक्कीच्या पाकाचा, गूळ करपायच्या एक मिनिट आधी जसा वास सुटतो ना तसा. तो येतो क्रिस्टल माल्टमधून, म्हणजे मोड आलेली बार्ली ओली असतानाच तापवतात, दाण्याच्या आतल्या आत साखर होते आणि मग ती भाजली जाते. इंग्लिश बिटरचा तांबूस रंग आणि तो टॉफीचा गोडवा, दोन्ही बहुतेक वेळा त्याचेच. मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. जुने इंग्लिश हॉप्स म्हणजे गोल्डिंग्ज आणि फगल, त्यातले गोल्डिंग्ज फुलांकडे आणि मधाकडे झुकणारे, फगल मातकट, पहिल्या पावसानंतर पाचोळा कुजायला लागतो तो वास. अमेरिकन हॉप्ससारखे आंबा-पपनस घेऊन अंगावर येत नाहीत, त्यांना शोधायला लागतं.

कडूपणाचं म्हणाल तर नाव बिटर असलं तरी ती काही फार कडू नसते. कारल्याचा कडूपणा आणि मेथीचा कडूपणा ह्यात फरक आहे ना, कारलं जिभेच्या टोकावरच थप्पड मारतं, मेथी गिळून झाल्यावर मागे रेंगाळते. बिटर मेथीवाली आहे. पहिल्या घोटाला तुम्हाला फक्त कडू कळलं कारण जीभ गोड-गार-फसफस ह्याची वाट बघत होती आणि ते आलं नाही. तिसऱ्या-चौथ्या घोटाला गोडवा पुढे येतो, गिळल्यावर तोंड जरा कोरडं पडतं आणि हात आपोआप ग्लासकडे जातो, आपण पितोय हे गप्पांमध्ये लक्षातही राहत नाही. चांगल्या बिटरची माझी व्याख्या एवढीच आहे, की ग्लास कधी संपला ते आठवू नये. दोन घोटांवर निकाल लावलात काका, तिथे चुकलात.

तरीपण खरंच बिघडलेली असू शकते का? असू शकते. पिंप उघडलं की हवा आत शिरते, आणि साधारण तीन दिवसांत ते संपवावं लागतं. सगळ्यात छोटं नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट, आता मंगळवारी दुपारी चार म्हातारे बसलेत अशा पबात ७२ पाइंट तीन दिवसांत कोण पिणार? मग ती उतरते. उतरलेल्या बिटरला आधी ओल्या पुठ्ठ्यासारखा मरगळलेला वास येतो आणि नंतर सरळ व्हिनेगर. आंबट लागली तर परत करा, नुसती कडू लागली तर थांबा. परत करताना भांडायची गरज नाही, ग्लास बारवर ठेवून "हिला जरा व्हिनेगरचा वास येतोय" एवढं म्हणा, चांगल्या पबात निमूट बदलून देतात. आणि घेण्याआधी घोटभर चाखायला मागा, त्यात काही कमीपणा नाही, इथले लोक पण मागतात. बाजारात द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकल्याशिवाय आपण घड घेतो का?

फेसावरून तुम्ही काही विचारलं नाहीत पण मुलाला विचारून बघा, इथे त्यावरून भांडणं होतात. आम्ही उत्तरेकडचे लोक (बघा, झाले मी पण उत्तरेकडची) हापशाच्या तोटीला एक बारीक भोकांची टोपी लावतो, त्यातून बिअर जोरात येते आणि वर सायीसारखा दाट फेस बसतो. लंडनकडे टोपी लावत नाहीत, त्यांच्या मते त्याने हॉप्सचा कडूपणा फेसात अडकतो आणि चव मवाळ होते. मला विचाराल तर दोघंही खरं बोलतात, पण टोपी हवी.

मी शुद्ध शाकाहारी आहे, बिअर म्हणजे धान्याचीच ना, मग बिटर चालते का?
(डोंबिवलीची वाचक, सध्या मँचेस्टर)

धान्याचीच, पण एक गोम आहे आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. पिंपातल्या बिअरमध्ये यीस्ट तरंगत असतं, ते तळाला बसावं म्हणून पारंपरिक पद्धतीत आयसिंग्लास घालतात, आणि ते बनतं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. आपल्याकडे घोळ माशाचं बोत सोन्याच्या भावाने जातं ऐकलं असेल, त्याच जातीचा पदार्थ समज. ते यीस्टला धरून खाली नेऊन बसवतं, ग्लासात माशाची चव-बिव काही येत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न असेल तर तो आहेच. बऱ्याच नवीन ब्रुअरीज आता ते घालत नाहीत, त्यांची बिटर थोडी गढूळ दिसते आणि हापशावरच्या पाटीवर किंवा मेन्यूत व्हीगन लिहिलेलं असतं. गिनेसने पण ते वापरणं सोडून दिलंय. बारवर सरळ विचार, व्हीगन आहे का, रोज दहा जण विचारतात, कोणी वळून बघत नाही. मी मासे खाते त्यामुळे माझा प्रश्न सुटलेला आहे, पण माझ्या सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे छोट्या नव्या ब्रुअरी, म्हटलं की आम्हाला ढगाळ, आंब्याच्या वासाची आयपीए (इंडिया पेल एल) आठवते. मग हे क्राफ्टवाले आजोबांची बिटर कशाला करत बसतात? आणि आयपीए जर मुंबईला येणारी बिअर होती तर बिटर तिची कोण?
(ठाण्याचा आयटीवाला)

चुलत बहीण, किंवा खरं तर एकाच घरातली घरी राहिलेली मुलगी. अठराव्या शतकाच्या शेवटाला लंडनच्या बो भागात हॉजसन नावाचा ब्रुअर होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ, त्याची फिकट रंगाची, मुरायला ठेवायची एल, म्हणजे इंग्लिश पद्धतीची बिअर, कलकत्त्याला आणि मुंबईला जायची. लोक म्हणतात की खास इंडियासाठी नवीन बिअर शोधून काढली, ते काही खरं नाही, घरीच पिंपात वर्ष-वर्ष मुरवायची बिअर आधीपासून होती, तीच जहाजावर हिंदकळत गेली आणि बरी निघाली. मग १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑलसॉप आणि बास ह्यांनी तो धंदा हातात घेतला, आणि बर्टनचं पाणी असं की त्यात जिप्सम नावाचं खनिज भरपूर, त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा उतरतो. आज जगभर ब्रुअर पाण्यात जिप्सम घालतात त्याला बर्टनायझेशन म्हणतात, एका गावच्या विहिरीचं नाव क्रियापद झालं, आपल्याकडे असं कुठल्या विहिरीचं झालंय?

रेल्वे आल्यावर ती फिकट एल इंग्लंडभर पसरली. बाटलीवर लेबल होतं पेल एल, पण पबात उभा राहिलेला माणूस लेबल वाचत नाही, त्याला माइल्डपेक्षा, म्हणजे कमी कडू मवाळ बिअरपेक्षा, वेगळी ती कडूवाली हवी असायची, म्हणून तो बिटर मागायचा. नाव गिऱ्हाइकाने ठेवलंय, ब्रुअरने नाही. पुढे ती हलकी होत गेली, साधी बिटर ३.८ टक्क्यांपर्यंत, बेस्ट बिटर साडेचारच्या आसपासपर्यंत, आणि त्याच्या वर स्ट्राँग, ज्यातली लंडनच्या फुलर्सची इएसबी (एक्स्ट्रा स्पेशल बिटर) सगळ्यात प्रसिद्ध, १९७१ पासूनची.

त्याच १९७१ मध्ये चार दोस्तांनी कॅम्रा (कॅम्पेन फॉर रिअल एल) नावाची संघटना काढली. तेव्हा मोठ्या कंपन्या पिंपं काढून टाकून गाळलेली, गॅस भरलेली केग बिअर सगळीकडे घुसवत होत्या, आणि ह्या चौघांना ते काही सहन होईना. आज आपण तळघरातली जिवंत बिटर पितो त्यात ह्या दाढीवाल्या हट्टी लोकांचा मोठा वाटा आहे, मग त्यांची कितीही थट्टा होवो.

आता तुझा मुद्दा, क्राफ्टवाले का करतात. थॉर्नब्रिजच बघ, २००५ साली डर्बीशायरमधल्या एका जुन्या हवेलीच्या आवारात सुरू झाली, आणि तिचं नाव झालं ते जयपूर नावाच्या ५.९ टक्क्यांच्या आयपीएने, अमेरिकन हॉप्सवाल्या. तिथे सुरुवातीला काम करणाऱ्या ब्रुअर्सपैकी एकाने पुढे २००७ मध्ये मित्राबरोबर ब्रूडॉग ही क्राफ्ट ब्रुअरी काढली, म्हणजे तुझ्या ढगाळ आयपीएच्या खानदानाचं एक मूळ इथेच आहे. पण जयपूरच्या जोडीला लॉर्ड मार्पल्स पहिल्यापासून होती, आणि ती त्यांनी बंद केली नाही. का, तर आयपीएत चूक झाली तर वरून मूठभर हॉप्स टाकून झाकता येते. चार टक्क्यांच्या बिटरमध्ये लपायला जागाच नाही, साध्या वरणात मीठ चुकलं तर कळतं तसं, मिसळीत कोणाला कळतंय? म्हणून मी नवीन ब्रुअरीत गेले की आधी तिची बिटर मागते, नसेल तर निदान साधी पेल एल, आणि तिथूनच कळतं की ह्यांना येतं की नुसतं लेबल छान काढता येतं. ह्या बाबतीत माझ्यावर नाराज झालेले लोक आहेत, असू देत.

आणि एक, बर्टनमध्ये मार्स्टन्सकडे युनियन नावाची जुनी व्यवस्था होती, ओकची पिंपं रांगेने, प्रत्येकातून हंसाच्या मानेसारखी नळी वर एका लांब पन्हळीत, आंबताना फसफसून यीस्ट वर येतं, पन्हळीत साठतं आणि बिअर परत खाली पिंपात उतरते. २०२४ मध्ये ती बंद केली, परवडत नव्हती म्हणून. त्यातला एक सेट थॉर्नब्रिजने उचलून बेकवेलला नेला आणि चालू केला. आजोबांचं सामान नातवानेच सांभाळलं की.

३.८ टक्के म्हणजे सरबतच. दोन पाइंट घेऊन गाडी चालवली तर?
(लेस्टरचे वाचक)

नाही. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो, ४ टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये सव्वादोन युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) होतात, दोन पाइंट म्हणजे साडेचार. इंग्लंडात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडात ५०, भारतात तर ३०. कोणाचं शरीर किती पटकन पचवतं ते पबात बसून मोजता येत नाही, बस पकडा.

हलकी का असते म्हणाल तर शेफिल्डच्या भट्ट्यांवरून घाम गाळून आलेला माणूस दोन-तीन पाइंट सहज रिचवायचा आणि त्याला सकाळी परत भट्टीवर जायचं असायचं. आता तर ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरला कर कमी लागतो, म्हणून काहींनी आपल्या बिटर गुपचूप ३.४ वर आणल्यात. मला कळतं, अंगाने उतरलेली लागते.

आम्हाला इथे नाशिकला अशी बिटर कुठे मिळेल?
(नाशिकरोडचा वाचक)

पिंपातली नाही मिळणार रे, ती तळघरापासून लांब जाऊ शकत नाही. बाटलीतली मिळाली तर दोन गोष्टी बघ. एक, पांढऱ्या पारदर्शक काचेतली घेऊ नकोस, उजेड लागला की हॉप्समधलं कडू द्रव्य बदलतं आणि अक्षरशः दुर्गंधी येते, तपकिरी काच त्यातल्या त्यात वाचवते. दुसरं, प्यायच्या वीस मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढून ठेव, नाशिकच्या मे महिन्यात दहा. मुंबई-पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत कधीमधी इंग्लिश एल लावतात, विचारत राहा, पण गहू-बिअरचं राज्य आहे तिथे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलॅली माहीतच असेल, तो इंग्रजी शब्द तुमच्या देवळालीवरूनच आलाय, जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे सोल्जर उन्हाने आणि कंटाळ्याने चळायचे, तर चळलेला माणूस म्हणजे डूलॅली. त्या बिचाऱ्यांना तेव्हा बिटर मिळाली असती तर कदाचित शब्द तयारच झाला नसता.

बरोबर खायला काय?
(कोल्हापूर)

इथे पोर्क पाय, व्हिनेगरमधली अंडी, नाहीतर बॉम्बे मिक्स नावाचा एक चिवडा मिळतो जो मुंबईत कोणी ओळखणार नाही. घरी मी भाजणीचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा घेते, भाजणीचा खमंगपणा आणि माल्टचा खमंगपणा एकमेकांना ओळखतात, शेंगदाण्याची सुकी चटणी पण झकास. चीजमध्ये जुनं चेडर. फक्त तांबड्या रश्श्याबरोबर नको, तिखटाने कडूपणा अंगावर येतो आणि बिचाऱ्या बिटरचं काही चालत नाही. तुमच्या तांबड्याबरोबर पांढराच बरा.